हेडस्टॉकमधल्या दोन खाचा: क्लासिकल गिटार घडवताना

क्लासिकल गिटारचा हेडस्टॉक म्हणजे मानेच्या टोकाशी सुमारे १५ अंशांनी मागे झुकलेली, जेमतेम २० मिलिमीटर जाडीची फळी असते. तिच्यात लांबीच्या दिशेने दोन आरपार खाचा असतात आणि त्या खाचांमध्ये आडवे बसवलेले सहा रोलर सहा तारा गुंडाळून घेतात. पूर्वी स्पेनमधल्या गिटारींना आपल्या तंबोऱ्यासारख्या लाकडी खुंट्या असत आणि काही फ्लॅमेन्को गिटारींना त्या आजही बसवतात. तेव्हा हेडस्टॉकला छिद्रे पुरत असत. तारा ताणण्यासाठी दात्यांची चाके असलेली मशीन आली आणि खाचांची गरज निर्माण झाली. गिटार घडवण्यातल्या ज्या कामांचे कौतुक होते, म्हणजे वरच्या फळीची जाडी, आतल्या पंख्याच्या आकाराच्या पट्ट्या, ध्वनिरंध्राभोवतीची नक्षी, त्यांत या खाचांना स्थान नाही. तरीही माझ्या हातून झालेल्या कामांपैकी सर्वांत जास्त विचार मला याच कामात करावा लागला, कारण येथे कापायच्या आधी ठरवायच्या गोष्टी प्रत्यक्ष कापण्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत.

मी हे काम पुण्यात, घरातल्या एका छोट्या खोलीत करतो. स्पॅनिश परंपरेत मानेसाठी ज्याला ‘सेड्रो’ म्हणतात ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले सेड्रेला जातीचे लाकूड वापरतात. हलके, सरळ तंतूंचे आणि ऋतूंप्रमाणे फारसे न हलणारे असे हे लाकूड आहे. मात्र २०२०पासून ते साइट्स या संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्याने त्याची आयात हौशी माणसाला परवडणारी आणि झेपणारी राहिलेली नाही. मी त्याऐवजी तुणीचे लाकूड घेतले. तूण ही सेड्रेलाची जवळची नातेवाईक आहे, इतकी जवळची की जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला सेड्रेलातच गणले होते, आणि आपल्याकडच्या सतारीच्या कारागिरांना तर ती पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. वजनाला ती सेड्रोइतकीच हलकी आहे. पटाशीखाली मात्र ती थोडी चिवट आणि लोकरीसारखी वागते, हे आधीच सांगून ठेवतो, कारण खाचांच्या भिंती साफ करताना त्याचा संबंध येतो.

मापांसाठी माझ्यासमोर जर्मन गिटार-कारागीर हर्मन हाउझर यांच्या पद्धतीच्या गिटारचा नकाशा होता. स्पॅनिश गिटारवादक आन्द्रेस सेगोव्हिया यांनी अनेक वर्षे वाजवलेली, हाउझर यांनी १९३७ साली घडवलेली गिटार आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, आणि तिच्या धाटणीचे नकाशे जगभरचे हौशी कारागीर वापरतात. पण हेडस्टॉकच्या बाबतीत नकाशा बाजूला ठेवून मशीन हातात घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मशीन विकत घेण्यापूर्वी एकही रेघ ओढू नये. मशीनचे तीन-तीन रोलर ज्या धातूच्या पट्टीला जोडलेले असतात, तशा आजच्या बहुतेक पट्ट्यांवर दोन रोलरांच्या मध्यांतले अंतर ३५ मिमी आणि रोलरचा व्यास १० मिमी असतो, एवढे गृहीत धरता येते. रोलरची लांबी, पट्टीची रुंदी आणि स्क्रूंच्या जागा मात्र प्रत्येक उत्पादकाच्या वेगळ्या असतात, आणि खाचेची रुंदी, तिच्या बाहेरच्या भिंतीची जाडी व मधल्या दांड्याची जाडी या तिन्ही गोष्टी रोलरच्या लांबीवर अवलंबून असतात.

माझ्या मशीनचा रोलर पट्टीपासून ३६ मिमी आत जात होता. त्यातले १४ मिमी बाहेरच्या भिंतीला, १५ मिमी खाचेला दिले आणि उरलेले ७ मिमी मधल्या दांड्यात शिरले. हेडस्टॉकची रुंदी ७४ मिमी ठेवली, तेव्हा दोन भिंती आणि दोन खाचा मिळून ५८ मिमी गेले आणि मधला दांडा १६ मिमी राहिला. त्या दांड्यात समोरासमोरचे रोलर दोन्ही बाजूंनी सात-सात मिमी येतात, म्हणजे त्यांच्या टोकांमध्ये केवळ २ मिमी लाकूड उरते. हा हिशेब कागदावर मांडेपर्यंत मधला दांडा किती पोकळ होणार आहे याची मला कल्पना नव्हती. त्यानंतरचे बरेच निर्णय, विशेषतः पटाशी कशी धरायची हा, त्या दोन मिलिमीटरांनी ठरवले.

काही नकाशांत हेडस्टॉकच्या कडा वरच्या टोकाकडे फाकत जातात. दिसायला ते डौलदार असते, पण मग पट्टी तिरकी बसते, रोलर तिरके येतात आणि खाचाही त्यांच्याशी काटकोनात राहण्यासाठी तिरक्या कापाव्या लागतात. मी पट्टीच्या लांबीपुरत्या कडा समांतर ठेवल्या आणि डौलाचे काम वरच्या शिखराच्या आकारावर सोपवले.

मानेचा ठोकळा ६२ मिमी रुंद होता, म्हणून हेडस्टॉकच्या दोन्ही बाजूंना त्याच लाकडाच्या पट्ट्या चिकटवून रुंदी वाढवली. या पट्ट्यांचे तंतू मूळ लाकडाच्या तंतूंशी त्याच दिशेने जुळवणे महत्त्वाचे असते, नाही तर खाचेची एक भिंत पटाशीला एका दिशेने साथ देते आणि दुसरी विरुद्ध दिशेने. मग दर्शनी बाजू रंध्याने सपाट केली, तिच्यावर शिसवीचा २ मिमीचा पापुद्रा चिकटवला आणि सरस पूर्ण वाळल्यावर दोन्ही कडा दर्शनी बाजूशी गुण्याने तपासून काटकोनात आणल्या. या क्षणी हेडस्टॉक म्हणजे एक चौकोनी ठोकळा असतो, आणि तो तसाच राहू द्यायचा असतो. शिखराचा आकार, मानेचा निमुळतेपणा, पाठीची गोलाई यांपैकी काहीही आधी केले, तर छिद्रे पाडताना टेकवायला सरळ पृष्ठभाग उरत नाही.

आखणीसाठी पेन्सिल फक्त कापून टाकायच्या भागावर खुणेची फुली काढायला वापरली. बाकी सर्व रेघा धारदार सुरीने आणि कडेला समांतर रेघ मारणाऱ्या मार्किंग गेजने मारल्या. शिसवीच्या गडद रंगावर सुरीची रेघ दिसत नाही, तेव्हा आधी पृष्ठभागावर पांढऱ्या खडूचा हलका हात फिरवून मग रेघ मारली, म्हणजे खडूची पूड रेघेत बसते आणि रेघ उठून दिसते. सुरीच्या रेघेचा खरा फायदा दिसण्यात नाही. ती वरचे तंतू आधीच छेदून ठेवते, त्यामुळे पुढे पापुद्र्याची कड उडत नाही आणि पटाशीला टेकण्यासाठी एक बारीक पायरी मिळते.

रोलरची छिद्रे आधी पाडायची की खाचा आधी कापायच्या, यावर कारागिरांचे दोन तट आहेत. खाचा आधी कापणारे म्हणतात की मग बिट, म्हणजे ड्रिलचे छिद्र पाडणारे पाते, कोठे निघते ते डोळ्यांनी दिसते. मी छिद्रे आधी पाडली. भरीव लाकडातून जाणाऱ्या बिटला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सर्व बाजूंनी आधार असतो. खाच आधी असेल, तर बिट १४ मिमी लाकूड पार करून मोकळ्या जागेत येते, तेथे भिंतीच्या आतल्या बाजूची ढलपी उडवते आणि मग पलीकडच्या दांड्यावर पुन्हा टोक टेकवताना किंचित सरकू शकते. एकाच रोलरची दोन छिद्रे एका रेषेत नसतील, तर रोलर अडकतो. शिवाय तिन्ही रोलर एकाच ताठ पट्टीला जोडलेले असतात. दाराच्या तीन बिजागऱ्यांपैकी एक जरी रेषेबाहेर असली तरी दार कुरकुरते, तसेच हे आहे: मधले छिद्र अर्धा मिलिमीटर जरी सरकले, तरी तो एक रोलर सुरात आणताना झटक्याझटक्याने फिरतो, आणि वाजवणारा दोष मशीनला देतो.

छिद्रे पाडायला उभे ड्रिल मशीन वापरले. हेडस्टॉक मागे झुकलेला असल्यामुळे मान मशीनवर ठेवणे अवघड जाईल असे वाटते, पण मान कडेवर उभी केली की तो झुकाव आडवा होतो आणि त्रास देत नाही. हेडस्टॉक मानेपेक्षा दोन्ही बाजूंना सहा-सहा मिमी रुंद असल्याने मानेखाली तेवढ्याच जाडीची फळी घातली, दर्शनी बाजू उभ्या आधाराला टेकवून क्लॅम्प लावला आणि बिट त्या बाजूला समांतर उतरते की नाही हे गुण्याने पाहिले. सर्व छिद्रांचे अंतर दर्शनी बाजूपासूनच मोजले. पाठ अजून घासायची होती, त्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता.

३५ मिमीचे अंतर दर वेळी पट्टीने मोजण्याऐवजी कडक सागवानाच्या एका तुकड्यात तीन छिद्रांचा साचा आधी तयार केला आणि मशीनचे तिन्ही रोलर त्यातून एकदम सहज जातात याची खात्री करून घेतली. मग तोच साचा हेडस्टॉकच्या दोन्ही कडांना लावला, आणि तो उलटताना त्याची एकच कड नटच्या, म्हणजे मान आणि हेडस्टॉक यांच्यामध्ये तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या, रेषेशी जुळवली, म्हणजे साच्यात काही बारीक फरक असलाच तर तो दोन्ही बाजूंना सारखा येतो. मधोमध टोक आणि कडेला पाती असलेले १० मिमीचे बिट वापरले. खोलीची मर्यादा ३७ मिमीवर अडकवली. रोलरपेक्षा एक मिलिमीटर जास्त, कारण रोलरचे टोक छिद्राच्या तळाला टेकले तर पट्टी कडेला चपखल बसत नाही. त्यामुळे समोरासमोरच्या छिद्रांमध्ये हिशेबातल्या २ मिमीपैकी काहीच उरत नव्हते. बिटचे अणकुचीदार टोक तर पलीकडे डोकावणारच होते. ते मी चालवून घेतले. रोलरला आधार छिद्राच्या गोल भिंतीचा मिळतो, तळाचा नाही.

छिद्र थोडे सैल असावे लागते, आणि ते का हे पुण्याच्या हवेत चांगले कळते. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते-आक्रसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. दमट हवेत पाडलेले गोल छिद्र मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत जाडीच्या दिशेने किंचित आक्रसते आणि अंडाकृती होते. तीन छिद्रांमधले अंतर मात्र लांबीच्या दिशेने असल्यामुळे बदलत नाही. म्हणून छिद्रांना काडीवर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरचा हलका हात दिला, रोलर बोटाने ढकलताच आत जाईल इतपत.

आता खाचा. राउटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटने खाच कोरणारे यंत्र, आणि साचा वापरून हे काम अर्ध्या वेळेत होते, आणि एकामागून एक गिटारी बनवणाऱ्याने तोच मार्ग धरावा. मी टाकाऊ तुकड्यावर राउटर चालवून पाहिला. तीन-तीन मिलिमीटरच्या थरांनी उतरूनही खाचेच्या टोकांना, जेथे बिट आडवे तंतू कापते, तूण काळवंडली, आणि शिसवीच्या पापुद्र्याची एक बारीक कपची निघाली. त्यावर उपाय आहेत, पण एका गिटारीसाठी साचा बनवा, तो तपासा, आवाज आणि धूळ सहन करा, हे मला पटले नाही. शिसवीची बारीक धूळ श्वासाला आणि कातडीला चांगली नसते. मी ड्रिल, करवत आणि पटाशी हा जुना मार्ग घेतला.

खाचेची लांबी १०५ मिमी ठरवली होती: पहिल्या ते तिसऱ्या रोलरपर्यंत ७० मिमी आणि दोन्ही टोकांना साधारण १७ मिमी. टोके गोल ठेवायची असल्यामुळे प्रत्येक टोकाला १४ मिमीच्या फोर्स्टनर, म्हणजे स्वच्छ कडेचे छिद्र पाडणाऱ्या, बिटने छिद्र घेतले. ते दर्शनी बाजूने सुरू केले, बिटचे टोक मागे जेमतेम डोकावताच थांबलो आणि उरलेले पाठीकडून पूर्ण केले, म्हणजे कोठेच कड फुटत नाही. त्याआधी एक काम केले, ज्याचा पुढे फार उपयोग झाला. रोलरच्या सहाही छिद्रांत त्याच व्यासाच्या लाकडी काड्या सरसाशिवाय घट्ट सरकवून ठेवल्या. करवत आणि पटाशी या छिद्रांवरून जाताना तेथे पोकळी असेल, तर छिद्राच्या तोंडाचे तंतू निराधार राहतात आणि फाटतात. काडी आत असली की हत्याराला सलग लाकूड मिळते. काम झाले की काड्यांचे उरलेले तुकडे ढकलून काढायचे.

दोन छिद्रांमधला भाग बारीक पात्याच्या कोपिंग करवतीने कापला. पाते एका छिद्रातून ओवून, सुरीच्या रेघेपासून अर्धा-पाऊण मिलिमीटर आत राहून, दोन्ही बाजूंनी लांब काप घेतले. वीस मिलिमीटर जाडीत करवतीचे पाते खाली हटकून वाकते, आणि वरची रेघ सरळ दिसत असताना पाठीकडे ते भिंतीत शिरलेले असू शकते. म्हणून मधून मधून हेडस्टॉक उलटा करून पाठीच्या रेघाही पाहिल्या. त्यासाठी आखणी दोन्ही बाजूंना केलेली असणे आवश्यक आहे, आणि दोन्ही आखण्या एकमेकींवर येण्यासाठी कडा समांतर असणे आवश्यक आहे. क्रमातली आधीची प्रत्येक पायरी अशी पुढे वसूल होत जाते.

भिंती साफ करणे हा या कामाचा सर्वांत संथ आणि मला सर्वांत आवडलेला भाग. १८ मिमीच्या पटाशीची पाठ दगडावर आरशासारखी सपाट केली होती. हेडस्टॉक बाकावर सपाट धरला, पटाशी सुरीच्या रेघेवर उभी ठेवली आणि हातोडी न वापरता खांद्याच्या भाराने कागदाइतकी पातळ साल काढत जाडीच्या मध्यापर्यंत गेलो. मग उलटून पाठीकडून तेच. येथे पटाशीची धार तंतूंना समांतर असते आणि ती आडवी खाली जाते, त्यामुळे जाड साल घेतली तर लाकूड कापले जाण्याऐवजी चिरते, आणि चीर तंतूंच्या मागे जाते, आपल्या रेघेच्या मागे नाही. तुणीचा चिवटपणा येथे जाणवतो. धार जराही मंदावली की तंतू कापले न जाता दबून उठतात आणि भिंत केसाळ दिसते. थोडे काम केले की पटाशी दगडावर, मग चामड्यावर, पुन्हा कामावर, असा क्रम ठेवला. मधल्या दांड्याच्या बाजूने काम करताना पटाशीला पलीकडे रेटून साल उचकटण्याचा मोह कटाक्षाने टाळला, कारण त्या दांड्याच्या आत काय उरले आहे ते हिशेबाने आधीच सांगितले होते.

टोकांना गोल पटाशी आणि मग गोल कानस वापरली. भिंतींची काटकोनता पाहायला बाजारातला गुण्या १५ मिमीच्या खाचेत शिरत नाही. पितळेच्या पत्र्याचा एक लहान गुण्या घरीच कापून घेतला. खाच मध्यभागी किंचित फुगलेली राहणे हा नेहमीचा दोष, कारण दोन्हीकडून कापत आलेले काप मध्यावर भेटतात तेथे एक उंचवटा राहतो. तो काढायला १४ मिमी जाडीच्या ठोकळीला एका बाजूने १२० क्रमांकाचा पॉलिश पेपर चिकटवून ती खाचेत लांबीच्या दिशेने फिरवली, मग १८० आणि २४०. फार घासल्याने दर्शनी कड गोलसर होते आणि कडेचा रेखीवपणा जातो, म्हणून कागदाचे काम पटाशीवर ढकलू नये आणि पटाशीचे कागदावर.

नटच्या बाजूच्या टोकांना उतार का द्यावा लागतो, हे साध्या प्रमाणाने काढता येते. माझ्या मांडणीत तार नटवरून निघते तेव्हा ती हेडस्टॉकच्या पृष्ठभागाच्या पातळीपेक्षा ८ मिमी वर असते. सर्वांत जवळचा रोलर नटपासून ४७ मिमीवर आहे आणि त्याचा माथा पृष्ठभागाच्या ५ मिमी खाली आहे. म्हणजे ४७ मिमीत तार १३ मिमी उतरते आणि साधारण २९ मिमीवर पृष्ठभागाची पातळी ओलांडते. माझी खाच ३० मिमीवर सुरू होते. तार नेमकी खाचेच्या कडेला टेकणार, हे उघड होते. पहिली आणि सहावी या दोनच तारा जवळच्या रोलरवर जातात, त्यामुळे अडचण त्या दोघींची आहे. मी कडेपासून नटकडे १५ मिमी लांबीचा, खाचेपाशी ५ मिमी खोल होणारा उतार पटाशी उलटी धरून कापला. त्यापुढे नटच्या जवळ जाणे मला योग्य वाटले नाही, कारण मान आणि हेडस्टॉक जेथे वळतात तेथेच लाकूड सर्वांत अशक्त असते.

तिसऱ्या आणि चौथ्या तारेचे प्रकरण वेगळे आहे. ५२ मिमीच्या नटवर पहिल्या ते सहाव्या तारेचे अंतर ४३ मिमी ठेवले, तर मधल्या दोन तारा मध्यरेषेपासून फक्त ४.३ मिमीवर येतात, तर खाच सुरू होते ८ मिमीवर. या तारांना सर्वांत दूरच्या रोलरपर्यंत बाहेरच्या दिशेने तिरके जावे लागते. रोलरवर गुंडाळा आतल्या बाजूला पडला, तर तार मधल्या दांड्याच्या वरच्या कडेला घासते; गुंडाळा खाचेच्या मध्यावर किंवा बाहेर घेतला, तर मोकळी राहते. तात्पुरता नट ठेवून दोरा ताणून पाहिला, तेव्हा हिशेब आणि दोरा यांचे एकमत झाले. खबरदारी म्हणून दांड्याच्या त्या कडा बारीक कानशीने मिलिमीटरभर गोल केल्या. सर्व कडा सारख्याच गोल कराव्यात की जेथे तार जाते तेथेच, यावर मी बराच वेळ घालवला आणि सारखेपणाच्या बाजूने निर्णय घेतला.

काही कारागीर खाचेच्या आतल्या भिंती काळ्या रंगवतात. त्याने पटाशीच्या खुणा झाकल्या जातात आणि दर्शनी शिसवी एकसंध दिसते, हे खरे. पण शिसवीच्या काठाखाली तुणीची लालसर भिंत दिसणे मला अधिक आवडते. चपड्याच्या पातळ स्पिरिट पॉलिशचे दोन हात ब्रशने देऊन भिंती फक्त बंद केल्या, म्हणजे बोटांचा घाम आणि धूळ आत मुरत नाही. त्या वेळी रोलरच्या छिद्रांत पुन्हा काड्या घातल्या होत्या, कारण छिद्रात जमलेले पॉलिश रोलरला धरून ठेवते आणि आधी दिलेली सैलाई खाऊन टाकते.

मशीन बसवून पाहिले ते स्क्रू न लावता. दोन्ही पट्ट्या केवळ दाबाने कडेला चपखल बसल्या आणि सहाही कळा सारख्याच हलकेपणाने फिरल्या. उजव्या बाजूचा वरचा रोलर थोडा जड वाटला, तेव्हा त्याच्या टोकाला पेन्सिलच्या शिशाची पूड लावून फिरवला. काळा डाग छिद्रात जेथे उमटला तेवढीच जागा घासली. स्क्रूंची जागा मशीनच्या पट्टीतूनच टोचून घेतली आणि स्क्रूच्या गाभ्याएवढी बारीक छिद्रे पाडली. पितळी स्क्रू प्रथमच लाकडात घालायचे नसतात, ते तुटतात; आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू मेण लावून प्रत्येक छिद्रात एकदा फिरवून काढला. मग मशीन उतरवून ठेवले आणि शिखराचा आकार कापायला घेतला. चौकोनी ठोकळ्याची गरज आता संपली होती.